साखरेची आणि नसांची एकच गोळी: घ्यायची कशी, चुकतं कुठे

तळपायाची आग होते, मुंग्या येतात असं सांगितलं की पुष्कळदा मधुमेहाची जुनी गोळी बंद होऊन ‘हिच्यात नसांचं पण औषध आहे’ म्हणून नवी पट्टी हातात पडते. बहुतेक जण ती रंगावरून ओळखतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आधी पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. सहसा तीन नावं दिसतील: ग्लिमेपिराइड १ किंवा २ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन. गोळी एक असली तरी तिघांचे नियम वेगवेगळे आहेत.

सगळ्यात जपायचं ते ग्लिमेपिराइडला. हे स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं. तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. सकाळी सहाला चहासोबत गोळी, मग मोटार चालू करायला शेतात, आणि भाकरीचं गठुडं सुटतं अकराला: साखर खाली जायला एवढं पुरतं. चहा म्हणजे न्याहारी नव्हे. भाकरी-भाजी, पोहे, उपीट असं काही समोर आल्यावरच गोळी तोंडात टाका. न्याहारी नऊला होत असेल तर गोळीही नऊला. त्या दिवशी खाणंच होणार नसेल, तर ही गोळीही घ्यायची नाही.

एकादशी, नवरात्र, रोजे यांचा बंदोबस्त आठ दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन करा. एकत्र गोळीत ग्लिमेपिराइड तेवढं कमी करता येत नाही. अशा दिवसांपुरत्या गोळ्या सुट्या कराव्या लागतात, रोज्यात वेळही बदलावी लागते.

दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड अशी लक्षणं दिसली आणि मशीनवर आकडा ७० च्या खाली असला, किंवा मशीनच जवळ नसलं, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा चढला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. बरं वाटलं की भाकरी खा, कारण या औषधाचा अंमल दिवसभर टिकतो आणि साखर परत उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढून थेट दवाखाना गाठा.

मेटफॉर्मिनची तक्रार पोटाची असते: मळमळ, गॅस, ढाळ. जेवणासोबत घेतलं आणि डोस हळूहळू वाढवला तर पंधरा दिवसांत बहुतेकांचं पोट सरावतं. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर गोळी तोडायची, चावायची, कुटायची नाही. तसं केलं की दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. शौचात गोळीचं टरफल दिसलं तरी घाबरू नका, औषध आधीच अंगात उतरलेलं असतं. नेहमी होणारी दुसरी चूक म्हणजे नवी एकत्र गोळी सुरू झाली तरी जुनी मेटफॉर्मिनची पट्टी चालूच राहते. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.

मे महिन्यात ऊन लागून उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी आटलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मूत्रपिंडावर ताण असताना मेटफॉर्मिन अंगात साचतं. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या. रिपोर्टवर ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन चालत नाही, ४५ च्या खाली डोस कमी करावा लागतो. सीटी स्कॅनला रंगाचं इंजेक्शन देणार असतील तर ही गोळी चालू असल्याचं आधीच सांगा.

आता नसांचं. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. त्यापुढचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो, मोठा दिसला म्हणून गोळी ‘जहाल’ होत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. माळकरी घरात ते फक्त दूध-दह्यातून मिळतं, मग कमतरता लवकर येते. तिची लक्षणं मधुमेहाने नसा खराब झाल्यासारखीच असतात. म्हणून गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं बी-१२ मोजून घ्या; नंतर मोजलं तर आकडा गोळीमुळेच चांगला दिसतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. ती जास्त असेल तर इंजेक्शनं लागतात, एकत्र गोळीतल्या डोसावर विसंबू नये.

बी-१२ पुरेसं असेल तर मात्र ही गोळी साखरेनं बिघडलेल्या नसा दुरुस्त करत नाही. नसा वाचतात त्या साखर आवाक्यात राहिल्यानं. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, बघायची ती त्यासाठीच. काहींना रात्री देतात ती प्रेगाबालिनची गोळीही आग आणि ठणक कमी करते, एवढंच. तिनं गुंगी येते, आणि ती एकदम बंद करायची नसते.

ठणक थांबली म्हणजे पाय बरा झाला असं नाही, उलट बधिर पाय दुखतच नाही. पायातून चप्पल निसटलेली कळत नसेल तर तुळजापूरची अनवाणी वारी करू नका, तापल्या डांबरावर फोड उठतो आणि घरी आल्यावर पायाला रक्त दिसतं. रोज रात्री आरशावर तळवा धरून बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चप्पल घालण्याआधी झटका. पऱ्हाटीच्या रानात बंद बूटच घाला. शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, आणि भोवरी ब्लेडने कापू नका.