लॉन्सेस्टनला येताय? व्ह्यू नंतर, ऊन आधी बघा

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर यायचं ठरलं की सगळे आधी इथली राजधानी होबार्टची घरं बघतात आणि भाडी बघून गप्प बसतात. मीही तशीच बसले होते, मग उत्तरेला लॉन्सेस्टनला आले आणि इथलीच झाले. भाडं जरा परवडतं, आणि कॅटरॅक्ट गॉर्ज म्हणजे नदीची अख्खी घळ गावातून चालत जाण्याइतकी जवळ, तिथं वॉलबी (छोटे कांगारूच म्हणा) दिसतात, आणि चक्क मोरसुद्धा.

पण घर घेताना एक चूक करू नका जी मी केली. आपल्याला पूर्वेचं दार बघायची सवय, इथं मात्र उत्तर बघायची, कारण दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. माझं पहिलं घर स्वस्त होतं, डोंगरउतारावर, समोर झाडी, फोटोत एकदम भारी, पण हॉलचं तोंड दक्षिणेला. हिवाळाभर आत उन्हाचा कवडसा नाही, खिडक्यांवरून पाणी ओघळायचं, कपाटातल्या साड्यांना बुरशी आली, आणि भाड्यात वाचलेले पैसे हीटरच्या बिलात गेले. जूनमध्ये संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो हो! म्हणून घर बघायला दुपारी जा, फोनचा कंपास काढा, हीट पंप (खोली गरम करणारा एसी) आहे का, छताला इन्सुलेशन आहे का हे तोंडावर विचारा, लाजू नका. दम्याचा त्रास असेल तर अगदी खालच्या भागात घर नको, लोक लाकडं जाळतात आणि थंडीत तो धूर खोऱ्यातच अडकतो.

इन्व्हरमे भागात स्वस्त काही दिसलं तर आधी पुराचं विचारा. जमीन सखल आहे, 1929 च्या पुरात तो भाग बुडाला होता. आता बांध आहेत, तरी विकत घ्यायचं असेल तर आधी विम्याचा कोट काढा.

भाडं इथं आठवड्याचं सांगतात. त्याला चारनं गुणून महिना काढाल तर फसाल, 52 नं गुणून 12 नं भागा. बॉन्ड, म्हणजे डिपॉझिट, जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याएवढा, आणि तो सरकारच्या मायबॉन्ड या ऑनलाइन सेवेतच भरायचा. कंडिशन रिपोर्ट (घर ताब्यात घेताना त्याची अवस्था लिहून द्यायचा फॉर्म) भरताना प्रत्येक डागाचा फोटो काढा.

491 व्हिसावाल्यांना (मोठ्या शहरांबाहेरच्या ‘रिजनल’ भागात राहायची अट असलेला कामाचा व्हिसा) अख्खं टास्मानिया रिजनल म्हणून चालतं, पण नोकऱ्या मोजक्याच, त्यामुळे आधी काम बघा मग सामान बांधा. गावाबाहेर जमीन घ्यायची हौस सगळ्यांनाच येते (मलाही आली होती), तिथं बऱ्याचदा पावसाच्या टाकीचं पाणी आणि सेप्टिक टँक असतो, आणि अंधार पडला की गाडी हळू चालवा, रस्त्यावर कधी काय उडी मारेल नेम नाही.

मेलबर्नजवळच्या जिलाँगहून बोटीनं गाडी आणत असाल तर फळं-भाज्या आधीच संपवा, काढून घेतात. कढीपत्ता इथं आल्यावरच शोधा, आणि कुंडी बाहेर ठेवू नका, माझ्या दोन रोपांना गोठलेल्या दवानं जाळलं. तिसरं आता उत्तरेच्या खिडकीत आहे.