नानकटाई: आधी एकच भाजून बघा

दिवाळीचा फराळ घरोघरी तोच असतो. चकली, चिवडा, शंकरपाळी, लाडू. आपण चार डबे पाठवतो, आपल्याकडे चार डबे येतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत कुठली चकली कुणाची हे घरातल्यांनाही सांगता येत नाही. त्यात वेगळं आणि तरीही आपलंच असं काही हातचं द्यायचं असेल, तर नानकटाई भाजावी. तळणीचा व्याप नाही, पाकाची भानगड नाही, आणि अंडं नसल्यामुळे कुठल्याही घरात बिनदिक्कत चालते. हिचं मूळ सुरतेतल्या डच वखारीच्या बेकरीशी आणि पुढे ती बेकरी चालवणाऱ्या पारशी घराण्याशी जोडतात. गिऱ्हाइकांना चालावं म्हणून तिथे अंडं वगळलं गेलं, असं सांगतात. ते काहीही असो, आज त्याचा फायदा आपल्याला होतो.

पूर्वी गिरणीत दळण टाकावं तसं बेकरीत नानकटाईचं सामान नेऊन टाकत. मैदा, रवा, तूप, साखर घरची, मजुरी किलोवर, ट्रेमध्ये आपल्या नावाची चिठ्ठी, आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा घेऊन जायचं. काही बेकऱ्या अजूनही दिवाळीआधी असं भाजून देतात. तिथल्या माणसाचा हात बसलेला असतो. पीठ चिमटीत धरलं की तूप कमी की जास्त हे त्याला कळतं. आपण वर्षातून दोनदा करणार, तेव्हा तो अंदाज आपल्याकडे कुठून येणार? म्हणून सगळा ट्रे लावण्याआधी एकच नानकटाई भाजून बघायची. पुढचं सगळं त्या एकीवर ठरवायचं.

साहित्य (साधारण २५ नग)

मैदा १५० ग्रॅम, बेसन ७५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप १४० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळाची पूड, वरून लावायला चारोळी किंवा पिस्त्याचे काप.

हे शक्यतो वजनानेच घ्या. दीडशे मिलीच्या वाटीत मैदा चाळून भुरभुरला तर सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम बसतो. डब्यात वाटी बुडवून दाबून भरला तर शंभराच्या जवळ जातो. लाडवात एवढा फरक खपून जातो, इथे नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो.

मैदा बांधून ठेवतो, बेसन खमंगपणा देतं, रवा खुसखुशीतपणा. बेसन आधी भाजून घ्या असं काही जणी सांगतात. मला ते जास्तीचं काम वाटतं. पंधरा-सोळा मिनिटांच्या आचेत ते भाजलं जातंच. साखर मात्र दळलेलीच हवी. दाणेदार साखर वितळली की नानकटाई पसरते आणि वरून खडबडीत दिसते. घरी मिक्सरवर साखर दळताना वेलचीचे दाणे त्यातच टाका आणि चाळून घ्या.

सोडा मी घालत नाही. चिमूट जरा मोठी झाली की रंग तांबूस होतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. बेकिंग पावडर पुरते.

तूप

सगळी मेख इथे आहे. तूप पातळ नको आणि दगडासारखंही नको. बोट रुतवलं तर खळगा तसाच राहील इतपत थिजलेलं, रवाळ तूप घ्या. मुंबईत किंवा कोकणात ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी तूप ओट्यावरच सैल होतं. अशा वेळी मोजलेलं तूप पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, किंवा सरळ पहाटे करायला घ्या. तूप घरी कढवलेलं असेल तर ते पूर्ण कढलेलं असू द्या. बेरीजवळ पाण्याचा अंश राहिला की तो पिठात उतरतो आणि नानकटाई चिवट होते.

बेकरीत बऱ्याचदा वनस्पती तूप वापरतात, कारण ते उकाड्यातही घट्ट राहतं आणि माल पसरत नाही. २०२२ पासून अशा तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, तरी घरी करायचं तर साजूक तूपच. भेट द्यायची वस्तू आहे. डबा उघडल्यावर आधी वास येतो तो तुपाचाच.

परातीत तूप घ्या आणि तळहाताने एकाच दिशेने फेसायला लागा. हँड मिक्सर असेल तर तीन-चार मिनिटं, हाताने आठ-दहा. पिवळेपणा कमी होत जातो, तूप पांढरट आणि हलकं होतं. मग पिठीसाखर दोन-तीन वेळा थोडी थोडी घालून आणखी फेसा. झालं की नाही हे बघायला थोडं मिश्रण पाण्याच्या वाटीत टाकतात. तरंगलं की तयार. ही परीक्षा साखर घातल्यावरच करा. नुसतं तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं, न फेसताही तरंगेल. साखर मिसळली की ते जड होतं, आणि मग आत हवा भरली असेल तरच वर राहतं. बुडालं तर अजून दोन मिनिटं हात चालवा.

पीठ एकत्र करणं

मैदा, बेसन, रवा, बेकिंग पावडर, मीठ आणि जायफळपूड दोनदा एकत्र चाळा. रव्यातला जो जाडसर भाग चाळणीत राहील तो वरून घाला. हे सगळं फेसलेल्या तुपात घालून बोटांच्या टोकांनी गोळा करा. कणीक मळतो तसं अजिबात मळायचं नाही. तूप मैद्याच्या कणांना वेढून असतं म्हणून तो चिकट होत नाही. आपण रगडलं किंवा पाणी लागलं की त्याला ताण येतो आणि खुसखुशीतपणा जातो. म्हणूनच ‘गोळा होत नसेल तर दूध शिंपडा’ हा सल्ला मला पटत नाही. गोळा होत नसेल तर चमचाभर तूप घाला. मुठीत दाबल्यावर पीठ एकत्र राहिलं आणि अंगठ्याने मोडलं की मोडलं, म्हणजे बरोबर.

झाकून वीस मिनिटं ठेवा. उकाडा असेल तर फ्रीजमध्ये.

आता ती एक

ओव्हन १६० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कांडी चालू ठेवून, दहा-पंधरा मिनिटं तापवा. वीस ग्रॅमचा एक गोळा हातावर हलकेच वळा, जरासा दाबा, बटर पेपर घातलेल्या ट्रेमध्ये ठेवा आणि मधल्या जाळीवर सोळा मिनिटं भाजा. ओव्हनजवळच थांबा, कारण पहिली आठ मिनिटं बघण्यासारखी असतात. आधी गोळ्यावर तुपाची चमक येते, मग तो कडेने सैल होऊन जरा खाली बसतो, आणि वरचा भाग आवळत गेला की त्यावर बारीक भेगा उमटतात. या भेगा हव्यातच.

ती पसरून चपटी झाली, तर तूप जास्त किंवा सैल आहे: पिठात एक-दोन मोठे चमचे मैदा घाला आणि पीठ गार करा. गोळा होता तसाच राहिला आणि मोठी भेग पडून कोरडा फुटला, तर छोटा चमचाभर तूप कमी पडलंय. आकार ठीक आहे पण वरून लवकर तांबूस झाली, तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतोय. छोट्या ओटीजींचं हे नेहमीचं आहे. दहा अंश कमी करा किंवा ट्रे एक खाच खाली लावा.

चव घ्यायची घाई करू नका. गरम असताना ती मऊच लागणार. दहा मिनिटांनी मोडून बघा. मधे ओलसर, कच्चा पट्टा दिसला तर वेळ दोन मिनिटांनी वाढवा. दर वेळी तूप वेगळं, मैदा वेगळा, हवा वेगळी, त्यामुळे मागच्या वर्षीचं प्रमाण वहीत असलं तरी ही एक आधी भाजाच.

बाकीच्या

पीठ दुरुस्त झालं की सगळे गोळे वळा. दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर ठेवा. मधे चारोळी दाबा. सोळा ते अठरा मिनिटं. वरून रंग यायची वाट बघू नका; एक उचलून बूड बघा, ते फिकट सोनेरी झालं की ट्रे बाहेर काढा. बेसन भाजल्याचा वास तोवर शेजारी गेलेला असतो. लगेच उचलायला गेलात तर मोडतील, ट्रेमध्येच निवू द्या. दुसरा घाणा थंड ट्रेवर लावा. गरम ट्रेवर तूप आधीच वितळायला लागतं.

ओव्हन नसेल तर जुनी जाड बुडाची कढई घ्या. तळाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर एखादी लोखंडी कडी किंवा उपडी वाटी ठेवा, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटलीत चार-पाच गोळे ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं. बूड लवकर लाल होतं, वरचा भाग पांढरा राहतो, चव तीच. ते मीठ पुन्हा भाजण्यापुरतंच ठेवा, जेवणात नको. मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर.

निम्म्या मैद्याऐवजी कणीक चालते, रंग काळपट येतो. नाचणीचं पीठ पाव हिश्शापलीकडे घालू नये, दातात रेव आल्यासारखं लागतं. डायबिटीसवाल्यांसाठी साखर निम्मी करायची फर्माईश हमखास येते. तसं केलं तर ती नानकटाई न राहता खारीसारखं काहीतरी होतं. त्यापेक्षा लहान आकाराच्या करून एकच द्या.

डब्यात भरताना

पूर्ण गार व्हायला तासभर लागतो. कोमट असताना झाकण लावलं की आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळा माल मऊ पडतो. स्टीलच्या कोरड्या डब्यात दोन-तीन आठवडे छान राहते. पण शेव-चिवड्याशेजारी ठेवू नका, ती वास पटकन ओढते. आणि ओल्या लाडवांबरोबर एका डब्यात तर मुळीच नको.

भेटीसाठी पुठ्ठ्याचा खोका चालतो, आत बटर पेपर हवाच, नाहीतर तुपाचे डाग बाहेर उमटतात. गावातल्या गावात द्यायच्या असतील तर दोन थर पुरे. कुरियरने किंवा परदेशी जाणाऱ्या फराळात टाकायच्या असतील तर गोळे पंधरा ग्रॅमचे करा, मिनिटभर जास्त भाजा, आणि प्रत्येक थरात कागदाचे बोळे घालून पोकळी भरून काढा. डबा हलवून बघा. आवाज आला तर अजून कागद लागेल.

वर एक चिठ्ठी चिकटवा: केल्याची तारीख, आणि आत गहू, बेसन, तूप, सुकामेवा आहे हे. हल्ली कुणाला काय चालत नाही सांगता येत नाही. स्टीलचा डबा परत हवा असेल तर तेही त्याच चिठ्ठीवर लिहून टाका.