स्टार्चच्या फिल्ममध्ये स्ट्रॉबेरी सडते? या चुका टाळा

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आम्ही पहिल्यांदा प्लास्टिकऐवजी मक्याच्या स्टार्चच्या पातळ फिल्ममध्ये बंद केली, तेव्हा दुसऱ्याच सकाळी आतून घाम सुटला होता. तिसऱ्या दिवशी देठाजवळ राखाडी बुरशी, आणि फिल्म ओल्या पापडासारखी फळाला चिकटलेली. आम्ही काय केलं? फिल्म आणखी जाड केली. मग डबा उघडताच आंबूस वास यायला लागला.

चूक फिल्मच्या आधीच झाली होती. तोडलेलं फळही श्वास घेतं. ऑक्सिजन ओढून कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता सोडतं. शेतातून आलेला कोमट माल तसाच पॅक करून फ्रीजमध्ये ठेवला, तर वाफेचं पाणी होणारच. आणि कोरडी स्टार्चची फिल्म ऑक्सिजन चांगलाच अडवते, म्हणून जाड फिल्ममध्ये फळ गुदमरतं. आधी फळ थंड करा, मग पॅक करा, आणि फिल्मला बारीक छिद्रं ठेवा.

दुसरी चूक कोरड्या हवेत चाचणी घेण्याची. एप्रिलमध्ये पुण्यात छान ताणली जाणारी फिल्म जुलैत रत्नागिरीत लिबलिबीत होते. यावरचा उपाय घरात आहे. बंद डब्यात वाटीभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. आतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर स्थिर होते. दोन दिवस फिल्म त्या डब्यात, पाण्याला न लागता ठेवा आणि मगच ओढून बघा.

फिल्म चिकट लागली तर ती लवचिक करायला घातलेलं ग्लिसरीन जास्त झालंय, तडकली तर कमी. कोरड्या स्टार्चच्या वजनाच्या 25 ते 30 टक्क्यांपासून सुरुवात करा. पण ताज्या फिल्मवर निकाल देऊ नका. भाकरी शिळी झाली की कडक होते ना, त्याच कारणाने स्टार्चची फिल्मही काही आठवड्यांनी ठिसूळ होते. महिनाभर थांबाच.

बुरशी रोखायला कायटोसान घालणार असाल तर ते साध्या पाण्यात विरघळत नाही. 1 टक्का अॅसिटिक आम्लात ढवळा आणि कापडातून गाळा. ते बहुधा कोळंबीच्या कवचापासून बनतं, हे गिऱ्हाईकाला सांगितलंच पाहिजे. बुरशीपासून काढलेलंही मिळतं.

सगळ्यात जास्त खटकते ती लेबलवरची चूक. ‘वनस्पतीपासून बनलेलं’ म्हणजे ‘कुजणारं’ नव्हे. उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिइथिलीन (पिशव्यांचं प्लास्टिक) नेहमीच्या पॉलिइथिलीनसारखंच कुजत नाही. पीएलए (मका-उसाच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक) कुजतं, पण त्याला 58 अंशांच्या आसपास तापलेला मोठा कंपोस्ट ढीग लागतो. परसातल्या खड्ड्यात ते तसंच पडून राहतं. कंपोस्ट होणारं प्लास्टिक म्हणून माल विकायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी स्वतःची खात्री करायची असेल, तर फिल्मचा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून, तारीख लिहून खड्ड्यात पुरा. जाळी असली की उरलेले तुकडे मातीत शोधत बसावं लागत नाही.