समुद्राकाठच्या शहरात नवीन आहात? आधी पाण्याचं टाइमटेबल बघा, मग फिरायला निघा

नवीन शहरात गेलं की आपण काय करतो, मोबाइलवर दहा ठिकाणांची यादी काढतो आणि सकाळी आवरून निघतो. समुद्राकाठच्या शहरात असं निघालात तर निम्म्या ठिकाणी चुकीच्या वेळेला पोचाल. मी पोचलोय. वाळूवर लांब चालत जायचं म्हणून गेलो तर वाळूच शिल्लक नाही, पाणी थेट भिंतीला लागलेलं, आणि दुसऱ्या दिवशी होडीत बसायला गेलो तर होडी आडवी होऊन चिखलात बसलेली. तेव्हा यादी राहू दे बाजूला, आधी भरती-ओहोटीच्या वेळा काढा.

पहिली स्टेप ही. नेटवर शहराचं नाव आणि भरती-ओहोटी एवढं टाकलं तरी दिवसाचा तक्ता मिळतो. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आता गंमत बघा, रोज ५० मिनिटं तर सात दिवसांत जवळजवळ सहा तास, म्हणजे या रविवारी सकाळी दहाला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी दहाच्या सुमारास भरती असणार. "गेल्या रविवारी याच वेळेला आलो होतो की" हे म्हणण्यात इथे काही अर्थ नाही!

तक्त्यात वेळेशेजारी पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते, ती पण बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप आतही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी. आणि हे सगळीकडे सारखं नसतं बरं का, कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढउतरतं आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर फूटभरसुद्धा फरक जाणवत नाही. मेक्सिकोच्या आखातात तर काही ठिकाणी दिवसात एकच भरती. तुमचं शहर कुठल्या गटातलं आहे ते पहिल्याच दिवशी कळलं की बाकीचा प्लॅन आपोआप बसतो.

मग दुसरं, ओहोटीला खडकांवर जा. माझ्या मते समुद्राकाठच्या शहरातली सगळ्यात भारी आणि फुकट गोष्ट हीच आहे आणि लोक नेमकी हीच सोडून मॉलमध्ये जातात. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं, तिथे पाच मिनिटं न हलता उकिडवे बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी काही दिसत नाही, मग एक शंख चालायला लागतो, तो शंख नसतो, रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा असतो. फुलासारखं काहीतरी उमललेलं दिसतं ते समुद्रफूल, तो प्राणी आहे, बोट लावलं तर मिटून गोळा होतो (लावू नका). दगड उलटून बघितलात तर परत तसाच ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. आणि शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे जिवंत शंख उष्ण समुद्रात सापडतात, ते हातात घ्यायचेच नाहीत, त्यातल्या काहींचं विष माणूस मारण्याइतकं जहाल असतं.

वेळ कशी धरायची? ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी जायचं आणि पाणी फिरायच्या आत परत निघायचं. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढायच्या पाण्याचा बारावा हिस्सा फक्त, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे पहिला तास वाटतं काही झालंच नाही आणि नंतर एकदम धावत येतं. मी एकदा असाच एका खडकावर बसलो होतो, चपला खाली कोरड्या वाळूत काढून ठेवलेल्या, समोरचं पाणी अजून लांब होतं म्हणून निवांत फोटो काढत होतो. मागे वळलो तर किनारा आणि खडक यांच्या मधल्या सखल भागात गुडघाभर पाणी, आणि एक चपल गोल गोल फिरत निघालेली. पाणी समोरूनच येईल असं आपल्याला वाटतं, पण ते आधी सखल जागा भरतं, आणि ती तुमच्या पाठीमागे असू शकते. दुसरी चपल सापडलीच नाही, एका चपलेने रस्त्यापर्यंत चालणं म्हणजे काय ते विचारू नका.

पोहायला उतरणार असाल तर आधी दहा मिनिटं काठावर उभे राहून नुसतं पाणी बघा. सगळीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, थोडा गडद, फेस आत समुद्राकडे जातोय, तर ती जागा पोहायला छान नाही, तिथूनच पाणी आत ओढतं. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो कारण लाटा नाहीत. ही ओढ कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर जाते, चांगला पोहणारासुद्धा तिच्याविरुद्ध पोहून थकतो. अडकलात तर किनाऱ्याकडे झटापट करू नका, तरंगत राहा, हात वर करा, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडा, मग वळा. झेंडे पण बघा, बऱ्याच देशांत लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे जीवरक्षकांचं लक्ष असतं, लाल म्हणजे उतरू नका, जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे. तरी तिथला बोर्ड वाचा, नियम सगळीकडे तेच नसतात. आणि पाणी अवेळी, विचित्र लांबवर आत गेलेलं दिसलं तर ती त्सुनामीची खूण असू शकते, बघत थांबायचं नाही, उंचावर पळायचं.

बोटीची फेरी शक्यतो सकाळी. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापते आणि दुपारी समुद्रावरून जोरात वारा सुटतो, लाटा उसळतात, सकाळी त्यामानाने शांत असतं. बोट लागत असेल तर मधोमध आणि खालच्या डेकवर बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये अजिबात नको.

दीपगृह वर चढू देत असेल तर नक्की चढा. उभ्या माणसाला किनाऱ्यावरून क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसतं, तेच ३० मीटर उंचीवरून जवळपास २० किलोमीटरवर जातं. वर भिंगाची गोल कडी कडी असलेली रचना दिसली तर थांबून बघा, ती फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात पहिल्यांदा बसवली.

संध्याकाळी बंदराकडे. सूर्यास्तासाठी आधी किनारा पूर्वेला आहे की पश्चिमेला ते बघा, नाहीतर पूर्व किनाऱ्यावर लोक समुद्रात बुडणारा सूर्य शोधत बसतात आणि तो मागे इमारतींच्या आड गेलेला असतो. अंधार पडला की जहाजांचे दिवे बघायचे, जहाजाच्या स्वतःच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. दोन्ही एकदम दिसले तर जहाज तुमच्याकडे येतंय, एकटा लाल दिसला तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे. मुलं असतील तर तासभर हाच खेळ चालतो.

राहायलाच आला असाल तर एक जास्तीचं काम. घर पक्कं करायच्या आधी तो भाग एकदा उधाणाच्या भरतीला आणि जोरदार पावसात, दोन्ही एकत्र जमलं तर उत्तमच, बघून या. भरतीच्या पाण्याने नाल्यांची तोंडं दाबली जातात, पावसाचं पाणी समुद्रात जात नाही आणि रस्त्यावर तुंबतं, ओहोटीला गेलात तर हेच घर झकास दिसेल. शेजाऱ्यांच्या बाल्कनीचे गज, जिन्यातले मीटरचे बॉक्स किती गंजलेत ते पण बघा, त्यावरून खारी हवा त्या इमारतीवर किती थेट येते ते घरमालकाला न विचारता कळतं.