बदली झाली, आता भाड्याचं घर नेमकं कुठे बघायचं?

बदलीचं किंवा नव्या नोकरीचं लेटर हातात पडलं की आपण पहिल्याच रात्री घरांच्या साइटवर जाऊन फोटो बघत बसतो, बाल्कनी मस्त आहे, किचन मोठं आहे, भाडंही बजेटमध्ये बसतंय, आणि दोन दिवसांत मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून होतात. मीही हेच केलेलं. फोटो बघून टोकन पाठवून मोकळा झालो. घर खरंच चांगलं निघालं, अगदी फोटोतल्यासारखं, फक्त ऑफिसपासून ११ किलोमीटरवर होतं आणि त्या ११ किलोमीटरमध्ये एक रेल्वे फाटक होतं. सकाळी साडेआठच्या सुमारास मालगाडी यायची, फाटक पडायचं, सगळे इंजिनं बंद करून मोबाइल काढायचे, आणि मी डबे मोजत बसायचो. वर्षभर डबे मोजून जे कळलं ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी ऑफिसचा नक्की पत्ता मागून घ्या. ऐकायला वेडेपणा वाटेल पण बऱ्याच कंपन्यांची एकाच शहरात दोन-तीन ऑफिसेस असतात, लेटरवर रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता असतो आणि तुमची टीम बसते भलतीकडेच. एचआरला सरळ मेल टाका: मी कुठल्या बिल्डिंगमध्ये बसणार, आठवड्यात किती दिवस यायचं, शिफ्ट किती वाजता सुरू होते, आणि पुढच्या वर्षभरात ऑफिस हलायचा काही विचार आहे का. उत्तर लेखी घ्या. आठवड्यातून दोनच दिवस जायचं असेल तर लांबचं मोठं घर परवडतं, पाच दिवस जायचं असेल तर अजिबात नाही, म्हणजे अख्खा हिशोबच बदलतो.

आता रस्ता. मॅपवर दुपारी तीन वाजता बघितलेला वेळ डोक्यातून काढूनच टाका, तो कामाचा नसतो. गूगल मॅप्समध्ये 'अमुक वाजता पोहोचायचंय' असा पर्याय आहे, तिथे मंगळवार किंवा बुधवार टाका, ऑफिसची वेळ टाका, आणि परतीचा प्रवासही तसाच वेगळा बघा कारण जाताना ३५ मिनिटं आणि येताना सव्वा तास असं सर्रास होतं. मग त्यात मॅप न धरणाऱ्या गोष्टी धरा: लिफ्टची वाट, पार्किंगमधून गाडी काढणं, ऑफिसच्या गेटवरची रांग. घराच्या दारापासून खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ हाच खरा वेळ.

बस-ट्रेनने जाणार असाल तर गाडी कितव्या मिनिटाला येते यापेक्षा एक चुकली तर दुसरी किती वेळाने येते हे जास्त महत्त्वाचं. आणि शेवटची गाडी किती वाजता हे बघाच, कारण उशिरापर्यंत थांबायची वेळ नोकरीच्या पहिल्या दोन महिन्यांतच जास्त येते. जाहिरातीत 'स्टेशनपासून ५ मिनिटं' लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, कुणाची ५ मिनिटं? जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत ८० मीटरला १ मिनिट धरायचा असा नियमच आहे, मी तोच धरतो. मॅपवर अंतर मोजायचं आणि ८० ने भागायचं. मध्ये चढ किंवा मोठा सिग्नल असेल तर वर थोडी मिनिटं घालायची.

किती प्रवास चालेल हे ज्याचं त्याने ठरवावं, पण चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलेली एक गोष्ट मला पटते, माणूस पायी जात होता तेव्हापासून दिवसाला सरासरी तासाभराचाच प्रवास तो करत आलाय, वाहनं वेगवान झाली तशी अंतरं वाढली, वेळ साधारण तेवढाच राहिला. त्यामुळे एका बाजूला अर्धा तास ही सोयीची रेघ. त्याच्या पुढे गेलात तर काय होतं ते आकड्यात बघा: एका वेळेला ४० मिनिटं जास्त म्हणजे दिवसाला ८०, महिन्याचे २२ दिवस धरले तर २९ तासांच्या वर. आठ तासांचे साडेतीनहून जास्त दिवस दर महिन्याला फुकट. स्वस्त घरात वाचलेले पैसे या २९ तासांनी भागा आणि तासाला किती पडले बघा, बऱ्याचदा हसू येतं.

नवरा-बायको दोघांची ऑफिसेस दोन टोकांना असतील तर बरोब्बर मध्ये घर घ्यायचा मोह होतो. त्यात दोघंही हाल काढतात. त्यापेक्षा जो रोज जातो किंवा ज्याच्याकडे मुलांना आणायची जबाबदारी आहे त्याच्या जवळ घ्या, दुसऱ्याला सरळ थेट गाडी मिळेल एवढं बघा. मुलं असतील तर शाळा आधी, घर नंतर, यावर मी वाद घालणार नाही.

पैशाचं पटकन सांगतो. पगाराच्या ३० टक्के भाडं हा नियम सगळे सांगतात, पण तो काही दगडावरची रेघ नाही, अमेरिकेत सरकारी घरांसाठी १९६९ ला २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि १९८१ ला ती ३० केली, तिथूनच हा आकडा मुख्यतः रुळला. तुम्ही भाडं अधिक मेंटेनन्स अधिक वीज-पाणी अधिक प्रवासखर्च अशी बेरीज करा आणि ती बेरीज हातात येणाऱ्या पगाराशी लावा, सीटीसीशी, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्याशी, नाही. डिपॉझिट, ब्रोकरेज, सामानाची गाडी हे सगळं पहिल्या पगाराच्या आधी लागतं, त्याची सोय वेगळी ठेवा.

आता माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला, लांबूनच वर्षाचं घर ठरवू नका. पहिले तीन-चार आठवडे सर्व्हिस अपार्टमेंट, गेस्ट हाऊस, ओळखीच्यांकडे, कुठेही राहा, थोडं महाग पडलं तरी चालेल, कंपनी देत असेल तर लाजू नका, मागून घ्या. जमलं तर दोन आठवडे एका भागात आणि दोन दुसऱ्या भागात. या काळात ऑफिसमधल्या लोकांना 'कुठे राहता' एवढंच विचारू नका, 'आज घरून किती वाजता निघालात' असं विचारा. पहिल्याचं उत्तर प्रेमाने येतं, दुसऱ्याचं खरं येतं.

भाग पसंत पडला की तिथे तीन वेळा जा: कामाच्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वेळेला, रात्री नऊनंतर, आणि सुट्टीच्या दिवशी. रात्री स्टॉपपासून बिल्डिंगपर्यंत चालत जा, दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का, एकट्या बायका चालताना दिसतात का. औषधाचं दुकान आणि किराणा चालत जायच्या अंतरावर हवेत, मॉल लांब असला तरी काही बिघडत नाही. आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीच्या आवाजाच्या मर्यादा सुचवल्यात, दिवसरात्र मिळून सरासरी ५३ डेसिबल आणि रात्री ४५. फोनच्या अ‍ॅपने मोजलेला आकडा काही तंतोतंत नसतो, पण बेडरूमची खिडकी उघडी ठेवून रात्री ६५ दाखवत असेल तर झोपेचं काय होणार ते कळतंच.

आणि बिल्डिंगमध्ये कुणीतरी लिफ्टमध्ये भेटतंच, त्यांना विचारा पाणी किती वाजता येतं, पावसात रस्ता तुंबतो का, आधीचे भाडेकरू का गेले. ब्रोकर दोन पावलं मागे असताना विचारा.

घरात शिरल्यावर मी तीन गोष्टी करतो. एक, सगळे नळ एकदम उघडतो. सगळ्यात वरच्या मजल्याला पाण्याचा जोर कमी का असतो तर पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, आणि गच्चीवरची टाकी नळाच्या जेमतेम ३ मीटर वर असेल तर मिळणार ०.३ बार, शॉवर नुसता ठिबकतो. पंप बसवलेला असेल तर प्रश्न नाही, विचारून घ्या. दोन, पश्चिमेकडच्या भिंतीला संध्याकाळी सहाला हात लावतो. दुपारभर तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं, गरम हवेच्या शहरात ती बेडरूमची भिंत असेल तर एसीचं बिल भाड्यात धरायचं. तीन, दार लावून बेडरूममध्ये उभा राहून कुणाला तरी फोन करतो. घरून काम असेल तर शेजाऱ्यांना विचारा रात्री नऊला नेट कसं चालतं, कारण सगळे एकदम व्हिडिओ लावतात तेव्हाच खरं स्पीड कळतं. अजून एक, घराला नुकताच रंग दिलाय आणि एकाच भिंतीला जास्त जाड दिलाय असं दिसलं तर कपाटाच्या मागे आणि सिंकच्या खाली वाकून बघा, ओल तिथे दिसते.

घर बघायच्या आधी टोकन नको. मी दिलं आणि वाचलो ते नशिबाने. 'मालक परदेशात आहेत, पैसे भरा, किल्ली कुरियरने पाठवतो' असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी दिसत असेल तर त्याचं कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिटमधून काय कापणार आणि किती दिवसांत परत देणार, हे चार मुद्दे नीट वाचा. आपल्यासारख्या बदलीवाल्यांनी एक ओळ घालून घ्यावी: नोकरी गेली किंवा दुसऱ्या शहरात बदली झाली तर महिन्याच्या नोटीसवर लॉक-इनमधून सुटका. बरेच मालक तयार होतात, फक्त सह्या व्हायच्या आधी विचारावं लागतं, नंतर कुणी ऐकत नाही. किल्ली मिळाली की सामान आत आणायच्या आधी अख्ख्या घराचा व्हिडिओ काढा, टाइलचे तडे, दारांचे ओरखडे, विजेच्या मीटरचा आकडा, सगळं, आणि त्याच दिवशी मालकाला मेल करून टाका.