नाकाबंदीत जप्त झालेली कॅश कोर्टातून अशी सोडवली

म्हशी विकलेले आणि भिशीचे मिळून ३ लाख ८० हजार घेऊन बहिणीच्या लग्नाचा हॉल बुक करायला निघालो होतो, नाकाबंदीत डिकी उघडली आणि संशयित रक्कम म्हणून सगळे जप्त. गुन्हा कसलाच नाही.

पंचनाम्यात ५०० च्या किती, २०० च्या किती हे लिहायला लावलं, मगच सही केली, कॉपीपण घेतली. हे नक्की करा, नंतर सगळं त्यावरच चालतं.

पोलीस स्टेशनला रोज एकच, "तपास चालू आहे." वकील म्हणाले तिथे हात जोडून काही होणार नाही, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १०६ खाली जप्ती केली की मॅजिस्ट्रेटला कळवावंच लागतं, आपण कलम ५०३ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) ४५७, मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज टाकू. सोबत बाजाराची पावती, भिशीची वही, पासबुक, हॉलवाल्याचं कोटेशन. पोलिसांचा से, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी म्हणणं, यायलाच उशीर, आणि आला त्यात काय तर रक्कम चोरीची असू शकते! अरे पण मग फिर्यादी कुठाय? आमच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं, वर सुप्रीम कोर्टाचा सुंदरभाई अंबालाल देसाई निकाल लावला, मुद्देमाल विनाकारण ठाण्यात अडकवून ठेवू नये म्हणणारा. नोटांचे फोटो आणि बंधपत्र घेऊन पैसे परत द्यायची ऑर्डर झाली.

आचारसंहितेत निवडणुकीच्या पथकाने पकडली असेल तर मात्र आधी जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जा, तिथे कागद दाखवून लवकर सुटते.