ग्रिल काळी करायची, तर डबा शेवटी आणा

गाडीच्या तोंडाची चमकती ग्रिल काळी करायची म्हटलं की माणूस आधी काळ्या स्प्रेचा डबा घेऊन येतो. डबा सगळ्यात शेवटी आणा. आधी आणा 400 आणि 600 नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचे पॉलिश पेपर), भांड्यांचा साबण, मास्किंग टेप आणि रद्दी. मी इंदूरचा, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या आणि नंबर प्लेटा रंगवल्या. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली आणि ते काम गेलं. आता मोहल्ल्यातली पोरं ग्रिल घेऊन येतात. "काका, ब्लॅक करून द्या ना!"

समोर चमकतं ते प्लास्टिकच असतं. त्यावर तांबं, निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा पातळ थर. या थराला रंग धरायला काही मिळत नाही. वरून मारलेलं काळं दिसतं झकास, पण हायवेवर खडी उडाली की टवका निघतो आणि खालचं क्रोम डोळा मारतं. म्हणून चमक पुरती मारायची. आधी साबणाच्या पाण्याने धुवा. नुकतंच रबिंग पॉलिश किंवा टायरचं पॉलिश लागलेलं असेल तर त्यातलं सिलिकॉन रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पाडतं, ते थिनरने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर प्लास्टिक खातं. मग 400चा पेपर पाण्यात भिजवून घासा, सगळीकडे सारखा राखाडी मंदपणा येईपर्यंत. कोपऱ्यात जिथे बोट जात नाही, तिथूनच पुढे पापुद्रा सुटतो, तेव्हा पेपरची घडी करून तिथेही जा. क्रोम फुगलं असेल तर सुटं पूर्ण खरवडून काढा, हातमोजे घालून, कारण त्या पापुद्र्याची कड पात्यासारखी बोट कापते. शेवटी 600चा हात, पुन्हा अल्कोहोल, आणि त्यानंतर उघड्या बोटाने ग्रिलला शिवायचं नाही.

ग्रिल सुटी काढता आली तर उत्तम. क्लिपा जोर लावून उपसू नका, मधली पिन आधी वर करा. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं, उन्हात थोडं ठेवून मग. काढता येत नसेल तर बंपर, बॉनेट, दिवे आणि नंबर प्लेट झाका, आणि जाळीच्या आतून रेडिएटरसमोर रद्दी लावा. ती नंतर काढायला विसरू नका, इंजिनाला वारा लागतो.

नव्या गाड्यांमध्ये ब्रेक आपोआप लागण्यासाठीचं रडार बऱ्याचदा लोगोच्या मागे असतं. तो लोगो किंवा त्यापुढची पट्टी रंगवू नका, पार्किंग सेन्सरही सोडा.

मुहूर्ताचं सांगतो. इंदूरात हे काम रंगपंचमीच्या नंतर करावं. टोरी कॉर्नरची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, राजवाड्याकडे निघते तेव्हा गाडीवर जो रंग येतो तो फुकटचा, पण ताज्या लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, नको. मेमध्ये ग्रिल तापलेली असते, स्प्रेचे कण वाटेतच वाळून खरखरीत बसतात. पावसाळ्यात ओल धरून लॅकर दुधाळ होतं. मार्चची सकाळ, वारा नसलेली, सावलीत.

आता मारणं. क्रोमवर एपॉक्सी प्रायमर, काळ्या जाळीच्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमर. डबा वीस-पंचवीस सेंटीमीटरवर, हात चालू ठेवून बटण दाबायचं, कडेच्या बाहेर जाऊन सोडायचं. पहिला हात धुकं पडल्यासारखा, खालचं दिसू द्या. लोकांना इथेच घाई होते आणि ओघळ येतो. दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा. तीन-चार हातांत काळं भरतं. मग लॅकर. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क लावा, आणि टू-के लॅकर (हार्डनर मिसळून मारायचं) मारायचं असेल तर त्याशिवाय नकोच, त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसाला सोडत नाही. जवळ गॅस पेटलेला नसावा.

चमकदार की मॅट? दोन्ही नको, सॅटिन घ्या, म्हणजे मधली चमक. चमकदारवर प्रत्येक चरा दिसतो. मॅटला धूळ चिकटते आणि पॉलिश करता येत नाही. पोरं मॅटच मागतात, मी सॅटिन मारून देतो, कोणी परत घेऊन आलेलं नाही.

मन बदलेल असं वाटत असेल तर सोलून काढता येणारा रबरी रंग मारा किंवा विनाइल लावा. रबरी रंग मात्र जाड बसला पाहिजे, पातळ राहिला तर सोलताना तुकडे पडतात.

दुकानदार सोबत पुढचा लोखंडी गार्डही गळ्यात मारेल. घेऊ नका, डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे.

पूर्ण आठवडा प्रेशरने धुऊ नका. आणि उरलेला काळ्याचा डबा उलटा धरून दोन सेकंद फुंका, नळी मोकळी राहते, पुढच्या वेळी उपयोगी पडतो.